‘म्हणजे मी काय केलं होतं?’

एक वाक्य गेली तीसेक वर्षं माझ्या कानावर पडतं आहे. कीर्तनात पडलं, तत्त्वज्ञानाच्या चर्चासत्रात व्यासंगी माणसांच्या तोंडून पडलं, आणि गेल्या महिन्यात एका गावच्या व्याख्यानमालेत पुन्हा पडलं. देव सर्वशक्तिमान आहे आणि दयाळूही आहे, तर मग जगात दुःख का, हा प्रश्न पाश्चात्यांचा आहे. आपल्याकडे तो उद्भवतच नाही, कारण आपल्याकडे कर्मसिद्धांत आहे. त्या संध्याकाळीही या वाक्याला टाळ्या पडल्या आणि वक्ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. मी तिथेच अडकून राहिलो.

वाक्य चुकीचं आहे. इतिहास म्हणून चुकीचं आहे आणि तर्क म्हणूनही. पण नुसती चूक असती तर मी लिहायला बसलो नसतो. हे वाक्य सभागृहात थांबत नाही. ते घरात शिरतं, आणि ज्याच्यावर आधीच आभाळ कोसळलेलं आहे त्याला आरोपी करून बाहेर पडतं.

आधी प्रश्न नीट मांडू. 1955 साली ‘माइंड’ या नियतकालिकात जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की आस्तिक माणूस तीन गोष्टी एकदम मानतो: ईश्वर सर्वशक्तिमान आहे, ईश्वर पूर्णपणे भला आहे, आणि तरीही जगात दुरित आहे. (‘दुरित’ हा पसायदानातला शब्द मी मुद्दाम घेतो. दुःख आणि दुष्टपणा, दोन्ही त्यात मावतात.) जो भला आहे तो दुरित जमेल तेवढं दूर करणार, आणि सर्वशक्तिमानाला न जमण्यासारखं काही नाही. मग ही तिन्ही विधानं एकत्र उभी राहतात कशी? यातलं एक उघडपणे सोडलं तर व्याघात मिटतो, हे मॅकीलाही मान्य आहे. त्याची तक्रार वेगळीच आहे. बहुतेक उत्तरं तिन्ही विधानं तोंडाने कबूल करतात आणि मागच्या दाराने त्यातलं एक हळूच बाहेर काढतात. ही कसोटी लक्षात ठेवू, कारण कर्मसिद्धांताला मी तीच लावणार आहे.

हा प्रश्न मुळात ख्रिस्ती धर्माचाही नाही. ज्याच्या नावावर हा पेच सांगितला जातो तो ग्रीक एपिक्युरस ख्रिस्ताच्या जवळपास तीनशे वर्षं आधीचा. आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर बादरायणाने ब्रह्मसूत्रांत त्यासाठी जागा राखून ठेवली आहे. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात चौतिसावं सूत्र काढून पाहावं. तिथे दोन आरोपांची नावं आहेत, वैषम्य आणि नैर्घृण्य. वैषम्य म्हणजे ईश्वराने केलेला पक्षपात आणि नैर्घृण्य म्हणजे त्याचा निर्दयपणा. शंकराचार्यांनी या सूत्रावरच्या भाष्यात पूर्वपक्ष असा उभा केला आहे की वाचताना थबकायला होतं. देवांच्या वाट्याला केवळ सुख, पशूंच्या वाट्याला केवळ दुःख, माणूस मधे लोंबकळणारा. म्हणजे हा निर्माता रागद्वेष असलेल्या सामान्य माणसासारखाच झाला की नाही? आणि सगळ्या प्राण्यांचा शेवटी संहार करणारा तो, दुष्ट माणसांनाही किळस यावी इतका क्रूर ठरला की नाही? जो प्रश्न आपल्याकडे उद्भवतच नाही, त्याच्यासाठी आचार्यांनी इतकी शाई का खर्च केली?

त्याहून पुढे गेला तो कुमारिल भट्ट. साधारण सातव्या शतकातला हा मीमांसक वेदप्रामाण्याचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता. बौद्धांशी आयुष्यभर भांडलेला. याला नास्तिक कोण म्हणेल? पण श्लोकवार्तिकात जगाच्या निर्मात्याविषयी तो जे प्रश्न विचारतो ते मॅकीच्या लेखात जसेच्या तसे बसतील. ईश्वराने करुणेपोटी जग निर्माण केलं म्हणता? निर्मितीपूर्वी जर कुणी प्राणीच नव्हते, तर ही करुणा कुणाची आली? बरं, करुणाच होती, तर नुसतं सुखी जग का केलं नाही? दुःखाशिवाय सृष्टी चालणारच नाही म्हणता? मग ज्याच्यावर कुणाचं बंधन नाही त्याला हे जमलं नाही, असं म्हणायचं आहे का? आणि कसल्यातरी नियमावर तो अवलंबून असेल, तर त्याचं स्वातंत्र्य कुठे राहिलं? तेराशे वर्षांपूर्वी, संस्कृतात, वेदांच्या बाजूने उभा राहून एक माणूस हे विचारतो आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातले जैन आचार्य जिनसेन यांनीही आदिपुराणात जगकर्त्याच्या कल्पनेवर असाच हल्ला चढवला आहे. राष्ट्रकूटांचं राज्य म्हणजे आपलीच भूमी. तेव्हा ‘हा प्रश्न आपला नाही’ असं म्हणणारा माणूस परंपरेचा अभिमान दाखवत असतो, पण परंपरेतल्या अर्ध्या लोकांना घराबाहेर काढून.

आता उत्तराकडे. ते उत्तर हलकं नाही हे आधीच सांगतो. माक्स वेबरसारख्या समाजशास्त्रज्ञानेही दुरिताच्या प्रश्नावरचं सर्वांत नीटस उत्तर म्हणून कर्मसिद्धांताकडे बोट दाखवलं होतं. त्याची ताकद उघड आहे. या जगात विनाकारण असं दुःखच नाही. जे दिसतं ते कुठल्यातरी जन्मीच्या कृत्याचं फळ. ईश्वर पक्षपाती ठरत नाही, कारण तो प्रत्येकाला त्याचंच देतो. शंकराचार्यांनी यासाठी पर्जन्याचा दृष्टांत घेतला. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो. भात आला की जव, हे बियाणं ठरवतं.

दृष्टांत सुंदर आहे, पण ज्याच्यासाठी दिला त्यालाच तो बसत नाही. ढगाला बी कळत नाही. कुठल्या वाफ्यात काय पेरलं आहे हे पाहून पाऊस थांबू शकत नाही. ईश्वर मात्र सर्वज्ञ आहे, आणि थांबू शकतो. तो ढगासारखा कसा? तो फार तर शेतकऱ्यासारखा. आपल्या वाफ्यात विषारी रोपाचं बी आहे हे ज्याला ठाऊक आहे आणि तरी जो रोज पाटाचं पाणी त्याला सोडतो, अशा शेतकऱ्याला आपण ‘तू काही केलं नाहीस, बियाणंच तसं होतं’ असं म्हणून सोडून देतो का?

न्यायाधीशाची उपमाही अशीच सांगतात. न्यायाधीश शिक्षा देतो म्हणून तो निर्दय ठरत नाही, तो कायद्याने बांधलेला असतो. बरोबर. पण न्यायाधीशाने कायदा केलेला नसतो, तो विधिमंडळाने केलेला असतो. ईश्वराच्या बाबतीत कायदा करणारा, निकाल देणारा आणि तुरुंगाची किल्ली बाळगणारा एकच आहे. कर्माचा नियम त्याने केला असेल, तर त्याने असाच नियम का केला हा प्रश्न जागच्या जागी राहतो. आणि नियम त्याने केलेला नसेल, तर त्याच्या वर काहीतरी आहे. म्हणजे तीन विधानांतलं पहिलं मागच्या दाराने गेलं. परंपरेत हा पेच फार जुना आहे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात बादरायण मीमांसासूत्रकार जैमिनीचं मत नाव घेऊन नोंदवतो: फळ द्यायला ईश्वर लागत नाही, धर्मच ते देतो. जैमिनीला बिचकायचं कारण नव्हतं. सगळं कर्मच करत असेल तर ईश्वराला काम उरत नाही, हे त्याने सरळ मान्य केलं. ज्यांना ईश्वरही हवा आणि कर्मही हवं, त्यांना सांगावं लागेल की ईश्वर त्यात नेमकी कसली भर घालतो. काहीच घालत नसेल तर तो बिनकामाचा; घालत असेल तर त्या भरीपुरता तो जबाबदार.

मग पहिलं कर्म कुठून आलं? हा आक्षेपही बादरायणाने स्वतःच घेतला आहे, आणि उत्तर दिलं आहे की संसार अनादी आहे. बी आधी की अंकुर, हे जसं सांगता येत नाही तसं. मला हे उत्तर कधीच पटलं नाही, आणि का पटलं नाही ते जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझच्या 1697 सालच्या एका टिपणामुळे लख्ख कळलं. भूमितीचं एक पुस्तक अनादी काळापासून आहे असं समजा, प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीवरून उतरवलेली. आजची प्रत अशी का, याचं उत्तर मिळेल: कालची तशी होती म्हणून. पण मुळात असं पुस्तक का आहे, भूमितीचंच का आहे, याचं उत्तर कितीही मागे गेलात तरी मिळणार नाही.

आपल्याला त्यासाठी युरोपात जायची गरज नाही. सावकाराची वही डोळ्यांपुढे आणा. वरच्या ओळीत ‘मागील बाकी’, खाली व्याज, तळाला ‘पुढे नेली’. पान उलटा, पुन्हा ‘मागील बाकी’. पानांमागून पानं उलटत जा, आज्याच्या, पणज्याच्या, खापरपणज्याच्या वहीपर्यंत. मुद्दल कधी दिलं, कुणी घेतलं, ही नोंद कुठेच नाही. प्रत्येक पानावरचा हिशोब चोख आहे. पण अशा कर्जाला कर्ज म्हणतात का? 1875 साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जखतं काढून जाळली, तेव्हा त्यांना बेरीज येत नव्हती असं नाही. विषमतेचं समर्थन द्यायला निघालेला सिद्धांत ‘ती कायमच होती’ एवढ्यावर येऊन थांबत असेल, तर त्याने प्रश्न फक्त नजरेआड होईल इतका मागे ढकलला.

इच्छास्वातंत्र्याचं काय, असं कुणी विचारेल. टिळकांनी गीतारहस्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असं आख्खं प्रकरण लिहिलं आहे, कारण त्यांना या दोघांतला ताण जाणवला होता. ताण खराच आहे. कौषीतकी उपनिषदात तर असं म्हटलं आहे की ज्याला वर न्यायचं त्याच्याकडून ईश्वरच चांगलं कर्म करवतो आणि ज्याला खाली न्यायचं त्याच्याकडून वाईट. करवणारा तोच असेल तर फळ भोगणारा मी का?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण माझ्या बाजूचे लोक ती बहुधा टाळतात. मॅकीच्या लेखाने वाद मिटला नाही. 1974 साली आल्विन प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञाने दाखवून दिलं की व्याघात सिद्ध करणं वाटतं तितकं सोपं नाही. ईश्वराने खरोखर स्वतंत्र माणसं निर्माण केली, तर ती सदैव चांगलंच निवडतील अशी व्यवस्था त्याला करता येणार नाही; कदाचित ज्या कुणाला तो निर्माण करेल तो एकदा तरी चुकेलच. ‘कदाचित’ हा शब्द महत्त्वाचा. प्लँटिंगा हे खरं आहे असं म्हणत नाही, शक्य आहे एवढंच म्हणतो. तीन विधानं परस्परविरोधी नाहीत हे दाखवायला तेवढं पुरतं. भूकंप, रोगराई यांच्यासाठी तर तो म्हणतो की ती अदृश्य, स्वतंत्र आत्म्यांची करणी असणं शक्य आहे. ते खरं असण्याची हमी तो देत नाही, त्याची त्याला गरजही नाही. निरीश्वरवादी विल्यम रो यानेही 1979 साली मान्य केलं की निव्वळ व्याघात कुणी सिद्ध करू शकलेलं नाही. पुढे वाद पुन्हा पेटला, जेम्स स्टर्बा याने 2019 साली त्यावर पुस्तक लिहिलं, पण ते आज बाजूला ठेवू.

मला यातून घ्यायचा आहे तो एक भेद: ‘असं असू शकेल’ आणि ‘असं आहे’. कर्मसिद्धांताचा पुरस्कर्ता मला म्हणाला, की बाबा रे, पूर्वजन्म आणि कर्मफळ शक्य आहे एवढंच मी म्हणतो, तर त्याच्याशी माझं फारसं भांडण नाही. तर्काच्या अंगणात शक्यतेला परवानगी लागत नाही. पण आपल्याकडे कर्मसिद्धांत कधी शक्यता म्हणून सांगितला गेला आहे का? तो निदान म्हणून सांगतात. या माणसाचं हे दुःख या माणसाच्या कृत्याचं फळ आहे. प्लँटिंगाची अदृश्य आत्म्यांची शक्यता ऐकून कुणाचं काही बिघडत नाही. ‘तुझ्या कर्माचं फळ’ ऐकून बिघडतं.

काय बिघडतं ते मी पाहिलं आहे. आमच्या ओळखीच्या घरातला सहा वर्षांचा मुलगा चार दिवसांच्या तापात गेला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा बायका भिंतीशी बसल्या होत्या, शेजारून पिठलं-भाताचं पातेलं आलेलं होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता. खुंटीवर त्याचं दप्तर होतं. दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात पाण्याची निळी बाटली, अर्धी भरलेली. मुलाच्या आईच्या पाठीवरून तिच्या नवऱ्याची आत्या हात फिरवत होती. फिरवता फिरवता म्हणाली, “मागल्या जन्मीचं देणं होतं बाई. वसूल करून गेला.” आईने मान वर केली. आवाज अगदी साधा होता. “म्हणजे मी काय केलं होतं, आत्याबाई?” आत्या गडबडली. “तू नाही गं. त्याचेच काही भोग असतील.” त्यावर ती जे म्हणाली ते मला अजून ऐकू येतं. “त्याचे? त्यानं काय केलं असेल हो?”

दुरिताच्या प्रश्नावरचं सगळं वाङ्मय एका बाजूला ठेवलं तरी या एवढ्याशा संवादात कर्मसिद्धांताची पूर्ण तर्करचना आहे. आई दोषी, नाहीतर मूल दोषी. तिसरी वाट हा सिद्धांत ठेवतच नाही. ठेवली तर ते दुःख विनाकारण ठरेल आणि ईश्वरावरचा आरोप परत येईल. म्हणजे ईश्वराला निर्दोष ठेवण्याची किंमत दर वेळी कुणीतरी माणूस भरतो, आणि बहुतेक वेळा तोच भरतो ज्याच्याकडे भरायला काही उरलेलं नाही.

आपल्या फौजदारी न्यायालयात आरोपीवर आरोप ठेवतात तेव्हा तो त्याला वाचून दाखवतात, समजावून सांगतात, आणि विचारतात की गुन्हा कबूल आहे का. खुनाच्या आरोपीलाही विचारतात. मानसिक आजारामुळे ज्याला आरोप समजतच नाही त्याचा खटला पुढे रेटत नाहीत. सहा वर्षांच्या त्या मुलाला कुणी आरोप वाचून दाखवला? गुन्हा आठवत नाही, शिक्षा कशाची हे कळत नाही, सुधारायला वेळ मिळत नाही. असा न्याय एखाद्या तालुक्याच्या कोर्टात झाला असता तर आपण मोर्चा काढला असता. तो अखिल विश्वाचा आहे म्हणून त्याला न्याय म्हणायचं?

कर्म म्हणजे शिक्षा नव्हे, तो अग्नीसारखा नियम आहे; हात घातला की भाजतं, असं उत्तर येतं. पण अग्नी पाप-पुण्य पाहत नाही. साधूचा हात भाजतो आणि चोराचाही. म्हणून तर तो निसर्गनियम. जो नियम नेमक्या माणसाला, नेमक्या कृत्यासाठी, नेमक्या मापाने गाठतो तो अग्नीसारखा नाही, तो न्यायासनासारखा आहे. त्याला एकाच दमात निर्विकारही म्हणायचं आणि न्यायीही म्हणायचं, हे चालणार नाही.

15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचं म्हटलं. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांच्याइतक्या तळमळीने बोलणाऱ्या माणसाचा हेतू कोण नाकारेल? पण रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला आणि गांधीजींनी तो आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापला. रवींद्रनाथांचं म्हणणं असं होतं की भौतिक उत्पातांची कारणं भौतिक घटनांतच असतात, त्यांना नीतीचा रंग देणं म्हणजे अविवेकाला खतपाणी घालणं. मला यात आणखी एक दिसतं. त्या भूकंपात ज्यांची झोपडी गेली त्यांतले कितीतरी स्वतः अस्पृश्य होते. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच अन्यायाची शिक्षा!

आपल्या किल्लारीच्या भूकंपाचं उदाहरण तर अजून ओलं आहे. 30 सप्टेंबर 1993ची पहाट, चारला काही मिनिटं कमी. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. सुमारे दहा हजार गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या त्या गावांत घरं कशी होती हे ज्याने पाहिलं आहे त्याला कारण शोधायला पूर्वजन्मात जावं लागत नाही. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर लाकडाच्या तुळया, आणि त्यांवर मातीचा थरावर थर चढवलेलं माळवद. उन्हाळ्यात गार, पण भुईने हिसका दिला की दगड सुटतात आणि टनावारी माती झोपलेल्या माणसावर येते. हलक्या छपराखाली, कुडाच्या खोपटात झोपलेले त्यातल्या त्यात वाचले. मेलेला आणि वाचलेला यांच्यात फरक डोक्यावरच्या वजनाचा होता. यावरही कुणी म्हणेल की ज्यांचे भोग होते तेच माळवदाखाली झोपले. मग प्रश्न असा, की कुठली घटना घडली असती तर तुम्ही म्हणाला असतात की कर्मसिद्धांत चुकला? उत्तर नसेल, तर तुम्ही किल्लारीबद्दल काहीच सांगत नाही आहात. भिंतीबद्दल बोलणारा माणूस निदान पुढचं घर नीट बांधतो.

कोकणातल्या विंचवाचंही असंच. लाल विंचू चावलेली पोरं हृदयावर परिणाम होऊन तडफडून मरत. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर रात्ररात्र रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपत राहिले, 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ती मांडली, आणि पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी त्यांनी या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. शंभरातले तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एकावर आलं. आता कर्माच्या हिशोबात हे बसवून दाखवा. रायगड जिल्ह्यातल्या मुलांचं संचित त्या दशकात एकाएकी बदललं का? की त्यांचे भोग उरलेच आहेत आणि प्राझोसिनने फक्त तारीख पुढे ढकलली? पहिलं म्हणाल तर संचित गोळीच्या मागे चालतं. दुसरं म्हणाल तर बावस्करांनी कुणालाच वाचवलं नाही. दोन्ही म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

या सिद्धांताचं ओझं कुणी वाहिलं याचा विचार आला की मला चोखोबा आठवतात. त्यांच्या एका अभंगात त्यांनी स्वतःच्या जन्माचं कारण पूर्वजन्मीच्या अपराधात शोधलं आहे. विठ्ठलावर इतका जीव असलेल्या माणसाला महाद्वाराच्या बाहेर उभं केलं गेलं, आणि त्याचा दोषही त्यानेच आपल्या पदरात घेतला. परंपरा सांगते की 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि वेठीला धरलेल्या मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गेले. पण त्याच घरात त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारला, आणि मुलगा कर्ममेळा तर देवालाच जाब विचारत राहिला. एका खोपटातली ही तीन माणसं. बापाने सिद्धांत मान्य केला, मुलाने केला नाही. ‘आपली परंपरा’ म्हणताना यांतलं कोण धरायचं?

बाबासाहेबांनी उत्तर दिलं आहे. 1957 साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते पूर्वकर्माच्या सिद्धांताचा समाचार घेतात आणि म्हणतात, की गरिबांच्या आणि खालच्या मानलेल्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, याखेरीज या सिद्धांताचा दुसरा हेतू सुचत नाही. शंभर पानांच्या तत्त्वचर्चेत न सापडणारी गोष्ट त्यांना सापडली, कारण ते वहीत नाव असलेल्यांच्या बाजूने वही वाचत होते.

शेवटचा बचाव असतो आधाराचा. तर्क काही असो, दुःखी माणसाला यातून धीर मिळतो, असं म्हणतात. कुणाला मिळत असेल, मी नाकारत नाही. स्वतःच्या दुःखाला कुणी स्वतःचं कर्म म्हटलं तर तो त्याचा अधिकार. दुसऱ्याच्या दुःखाला म्हणण्याचा अधिकार कुणी दिला? आणि धीर द्यायला आपल्याकडे हेच एक साधन होतं असंही नाही. 1630च्या दुष्काळात तुकोबांच्या घरात अन्नावाचून माणूस गेलं. त्यांच्या गाथेत संचित-प्रारब्ध आहेच, पण त्याच गाथेत विठ्ठलाला खडसावणारा, त्याच्या ब्रीदाची आठवण करून देणारा, त्याला लाज आणणारा तुकाही आहे. भांडणारा भक्त देवाला निर्दोष सोडवायची घाई करत नाही. तो तक्रार उघडी ठेवतो, आणि तरी दारातून हटत नाही. मला या भक्ताशी बोलता येतं. व्यासपीठावरून प्रश्न मिटवून टाकणाऱ्याशी बोलता येत नाही.

त्या आत्याबाईंवर माझा राग नाही. त्यांना जे शिकवलं गेलं होतं तेच त्यांच्या तोंडून आलं. नंतर कळलं की त्या पंधरा दिवस तिथेच राहिल्या. स्वयंपाक केला, धुणं केलं, ते दप्तर खुंटीवरून काढू दिलं नाही, आणि रोज रात्री मुलाच्या आईच्या शेजारी अंथरूण टाकून झोपल्या, तिचा हात हातात धरून. ते वाक्य त्यांनी पुन्हा काढलं नाही.